मूत्राशयदाह, जुनाट : मज्जासंस्थेचा सहभाग

जिवाणूंचा संसर्ग सापडत नसताना मूत्राशयात दीर्घकाळ राहणारी वेदना आणि दिवसरात्र वारंवार लागणारी लघवी, या विकारातील मज्जासंस्थेचा वाटा येथे दिला आहे. लक्षणे किती काळ टिकली म्हणजे विकार जुनाट मानावा यावर एकमत नाही : अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांची मार्गदर्शिका सहा आठवडे सांगते, तर २००८ चे युरोपीय वर्गीकरण सहा महिने. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक.

मज्जातंतूंची कल्पना दाहाच्या कल्पनेहून जुनी आहे. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक जोसेफ पॅरिश यांनी १८३६ मध्ये खडा नसतानाही खड्यासारख्या कळा येणारे रुग्ण वर्णिले आणि या त्रासाला चेहऱ्यावरील मज्जाशूलाचेच नाव दिले. दाहावर भर देणारे ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे नाव १८८७ मध्ये अलेक्झांडर स्कीन यांच्या ग्रंथात येते. १९१५ च्या सुमारास बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी मूत्राशयभित्तीतील विशिष्ट व्रण नोंदवला आणि पुढे बराच काळ मज्जापक्ष मागे पडला.

मूत्राशयाचे संवेदी तंतू मुख्यतः श्रोणी मज्जेतून (ओटीपोटातील मज्जातंतूंच्या जुडग्यातून) मेरुरज्जूच्या अगदी खालच्या, त्रिक भागात (दुसरा ते चौथा खंड) जातात; काही अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जांबरोबर वरच्या खंडांत पोहोचतात. मूत्राशय भरल्याची जाणीव बारीक, आवरणयुक्त ‘ए-डेल्टा’ तंतू देतात. आवरणहीन ‘सी’ तंतू एरवी बहुतांशी शांत असतात. दाह झाला की तेही जागे होतात. शिवाय हे तंतू एकेरी वाहतुकीचे नाहीत. त्यांच्या मूत्राशयाकडील टोकांतून ‘सबस्टन्स पी’ व ‘सीजीआरपी’ ही पेप्टाइडे (प्रथिनांसारखी छोटी संदेशवाहक द्रव्ये) झिरपतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तद्रव बाहेर पाझरतो, मास्ट पेशी (ऊतींतील एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) हिस्टामिन हे दाहकारक द्रव्य सोडतात आणि ते हिस्टामिन पुन्हा त्याच तंतूंना चेतवते. ताणलेल्या अंतःस्तरातून निघणारे एटीपी (येथे संदेशवाहक द्रव्य) आणि वाढलेला मज्जावृद्धी घटक हे चक्र चालू ठेवतात. संवेदी तंतूंच्या या उलट कार्याचा पाया शरीराच्या इतर भागांवरील प्रयोगांत आहे : १९०१ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस यांनी कुत्र्याच्या पाठीकडील मज्जामूळे चेतवून मागच्या पायातील रक्तवाहिन्या रुंदावल्याचे दाखवले. हंगेरीतील यांचो व सहकाऱ्यांनी कॅप्सायसिन वापरून, संवेदी मज्जा छेदून ऱ्हास पावल्यास त्वचेतील असा दाह उमटत नाही, असे सिद्ध केले (१९६७).

कॅप्सायसिन म्हणजे भिवापुरी मिरचीचा तिखटपणा ज्यात आहे तेच द्रव्य. ते तंतूंवरील ज्या ग्राहीवर (द्रव्य टिपणाऱ्या रेणूवर) बसते तो ग्राही (टीआरपीव्ही-१) १९९७ मध्ये ओळखला गेला. खाल्लेल्या मिरचीमुळे हा विकार होतो असे मात्र म्हणता येत नाही. झालेल्या विकारात ठेचा, चहा, लिंबू यांनी त्रास वाढल्याचे अनेक रुग्ण सांगतात, एवढेच.

सुरुवात कुठून होते हा वाद आहे. एका मतानुसार अंतःस्तरावरील संरक्षक थर झिजतो आणि लघवीतील पोटॅशियम आत शिरून तंतूंना डिवचते. दुसऱ्या मतानुसार मास्ट पेशी मूळ. तिसरे मत मज्जांना अग्रक्रम देते. घरगुती मांजरांत असाच विकार ताणाखाली उफाळतो आणि राहणीमान सुधारल्यावर कमी होतो, हे तिसऱ्या मताला अनुकूल आहे. उलट ‘सी’ तंतू बधिर करणारे रेसिनिफेराटॉक्सिन चाचणीत उपयोगी ठरले नाही. त्यामुळे केवळ मूत्राशयातील टोके नव्हे, तर मेरुरज्जू व मेंदूतील वाढलेली संवेदनशीलताही जबाबदार असावी. ज्यांना आतड्याचा क्षोभ किंवा अंगभर दुखण्याचा त्रासही असतो त्यांच्याबाबत हे अधिक पटते. हनर व्रण असलेल्या अल्पसंख्य रुग्णांत भित्तीत खरा, पेशींनी भरलेला दाह दिसतो. इतरांत तो जेमतेम असतो. हे दोन वेगळे विकार मानण्याकडे अलीकडचा कल आहे आणि तोच अधिक सयुक्तिक वाटतो. मूत्राशय पाण्याने ताणल्यावर दिसणारे रक्तबिंदू एके काळी निदानाचा निकष होते. ते निरोगी स्त्रियांतही दिसत असल्याने आता त्यांना फारसे वजन दिले जात नाही.

ग्रामीण विदर्भ : येथे लघवीच्या जळजळीला सर्रास ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर जात असताना, किंवा एरवी पऱ्हाटीत (कपाशीत) आडोसा नाही म्हणून वेचणीला जाणाऱ्या बाया पाणीच कमी पितात तेव्हा, दाट लघवीची साधी जळजळ व जिवाणूसंसर्ग हीच कारणे आधी संभवतात. गडचिरोलीतील दोन गावांच्या, राणी व अभय बंग यांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्राशयाचा नव्हता. तक्रार अंगावर काढण्याचे प्रमाण मात्र त्यावरून कळते. लघवीचे कल्चर न करता प्रतिजैविकांचे कोर्स पुन्हा पुन्हा दिले गेले की निदान आणखी लांबते. निदानापूर्वी मुतखडा, मूत्रमार्गाचा क्षयरोग आणि मूत्राशयाचा कर्करोग वगळावे लागतात. त्यासाठी सोनोग्राफी, लघवीतील क्षयजंतूंची तपासणी व गरजेनुसार दुर्बिणीची तपासणी करतात.

उपचारांत मज्जांवर काम करणारे अमिट्रिप्टिलिन रात्री अल्प मात्रेत देतात. गुंगी व तोंडाला कोरड हे त्याचे दुष्परिणाम. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, मूत्राशयात डायमिथिल सल्फॉक्साइड सोडणे, बोटुलिनम विषाची टोचणी व त्रिक मज्जेचे विद्युत् उद्दीपन हे पुढचे पर्याय. हनर व्रण असल्यास तो जाळल्याने अनेकांना आराम पडतो, परंतु व्रण पुन्हा उद्भवू शकतो.