आधी अंग दचकतं

रिकामी गल्ली. थकल्या पावलांनी चाललेले काही सैनिक, आणि वरून तरंगत खाली येणारी कागदी पत्रकं. बाकी काही घडत नाही. पत्रकावर काय लिहिलंय ते आपण वाचू लागतो आणि गोळी सुटते.

ख्रिस्तोफर नोलन यांचा दुसऱ्या महायुद्धावरचा ‘डंकर्क’ (२०१७) मी भल्यामोठ्या पडद्यावर पाहिला, तेव्हा त्या पहिल्या गोळीला माझे खांदे कानांपर्यंत गेले होते. शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात खुर्चीचा दांडा सोडून माझ्या मनगटावर आला होता. ओशाळून त्यांनी तो काढून घेतला. सिनेमा ‘अंगावर आला’ असं आपण बाहेर पडल्यावर म्हणतो. हा शब्दप्रयोग किती अचूक आहे, हे त्या मनगटाने मला शिकवलं. आपण मत बनवण्याच्या कितीतरी आधी अंगाने प्रतिक्रिया देऊन टाकलेली असते.

मोठा आवाज कानावर पडल्यापासून पापणी मिटायला साधारण ३० ते ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदाचा विसावा-तिसावा भाग. एवढ्या वेळात ‘ही गोळी आहे, ती सिनेमातली आहे, मी खुर्चीत सुखरूप आहे’ हा विचार होणं शक्यच नाही. कानाकडून निघालेला संदेश मेंदूच्या खोडातल्या काही मोठ्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो आणि तिथूनच मान, खांदे, हात यांच्या स्नायूंना हुकूम सुटतो. विचार करणारा वरचा मेंदू या वाटेवर लागतच नाही.

दचकणं किती जोरात होईल हे मात्र ठरवता येतं, आणि दिग्दर्शकांना ते पक्कं ठाऊक असतं. अंधारात माणूस उजेडापेक्षा जास्त दचकतो. मनात आधीच भीती असेल तर मेंदूतला अमिग्डला हा भाग दचकण्याची तीव्रता वाढवतो. उलट, मोठ्या आवाजाच्या किंचित आधी एखादा बारीकसा आवाज झाला तर दचकणं कमी होतं, कारण मेंदू तेवढ्या क्षणापुरतं दार ओढून घेतो. त्यामुळे गोळीच्या आधीची ती शांतता मुद्दाम राखलेली असते. तिथे साधा बुटांचा आवाज वाढवला असता, तरी गोळीचा परिणाम उतरला असता.

हे सगळं घरच्या टीव्हीवरही होतं. मग मोठ्या पडद्याने काय वाढतं?

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. त्याची रुंदी साधारण दोन अंश भरते, आणि आपल्याला खरोखर रेखीव दिसतं ते जवळपास तेवढंच. उरलेलं धूसर असतं. पण दोन्ही डोळ्यांचं मिळून दृष्टिक्षेत्र २०० अंशांच्या आसपास असतं, आणि त्याच्या कडा तपशिलात मठ्ठ असल्या तरी हालचाल टिपण्यात तरबेज असतात. हातातला मोबाइल आडवा धरला तरी जेमतेम २५ अंश व्यापतो. २२ मीटर रुंदीच्या पडद्यापासून १५ मीटरवर बसलात, तर तो सुमारे ७२ अंश व्यापतो. चित्राची चौकट नजरेच्या मधून उठून कडेला जाते, आणि डोळ्यांचा जो भाग हालचालीचा पहारेकरी आहे त्याच्यासमोर चित्र येऊन उभं राहतं.

एवढं मोठं चित्र फाटू नये, पिठूळ दिसू नये म्हणून फिल्मही तशीच लागली. १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात आयमॅक्स या भव्य पडद्याच्या पद्धतीतला पहिला चित्रपट दाखवला गेला, तेव्हा ७० मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून उभी न नेता आडवी धावत होती आणि एकेका चित्रासाठी १५ छिद्रांची लांबी खर्ची पडत होती. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा ही चौकट आठ-दहापट मोठी आहे.

आता पडद्यावर विमान कलतं. क्षितिज तिरपं होतं, समुद्र एका बाजूला चढतो, आणि अख्खी रांग नकळत दुसऱ्या बाजूला झुकते. स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत आपण बसलेलो असतो, शेजारची गाडी सुटते आणि आपलीच सुटली असं वाटतं, तोच हा भ्रम. अर्न्स्ट माख यांनी १८७५ मध्ये अशा भासांबद्दल लिहिलं होतं. पुढे १९७३ मध्ये ब्रांट, डिखगान्स आणि कोएनिग यांनी दाखवलं की स्वतः फिरत असल्याचा हा भास नजरेच्या मध्यभागापेक्षा कडांमुळे जास्त बळावतो. मला स्वतःला १९७४ चा ली आणि अॅरन्सन यांचा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी नुकतीच उभी राहायला शिकलेली मुलं एका खोलीत ठेवली. खोलीची जमीन स्थिर होती, पण भिंती पुढे-मागे सरकवता येत होत्या. भिंती सरकल्या आणि मुलं डोलली, काही तर पडली. पायाखाली काहीही हललं नव्हतं. तोल सांभाळताना शरीर डोळ्यांवर इतका विश्वास टाकतं.

अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका मात्र म्हणत असतात, ‘अरे, काहीच हललेलं नाही.’ डोळे एक सांगतात, कान दुसरंच. हे भांडण लांबलं की मळमळतं. बुडत्या जहाजाच्या दृश्यात कुणी डोळे मिटून घेतले तर त्याला भित्रा समजू नका. तो मेंदूकडे येणाऱ्या दोन परस्परविरोधी बातम्यांपैकी एक बंद करतोय.

युद्धपटातली खरी दहशत बरेचदा दिसण्याआधी ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन श्टूका विमानांवर वाऱ्याने फिरणारा भोंगा बसवलेला असे. सूर मारून विमान खाली येऊ लागलं की तो किंचाळायचा. बॉम्ब पाडायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तो खाली उभ्या माणसांच्या मनासाठी होता. चढत जाणारा आवाज म्हणजे काहीतरी जवळ येतंय, हे गणित आपल्या कानांत फार जुनं आहे. १९९८ मध्ये जॉन न्यूहॉफ यांनी दाखवलं की आवाज वाढत जाताना होणारा बदल आपल्याला तेवढ्याच उतरत्या बदलापेक्षा मोठा वाटतो. दूर जाणाऱ्याची चिंता नसते, येणाऱ्याची असते. डोळ्यांचंही तसंच. १९६२ च्या एका प्रयोगात माकडांसमोर पडद्यावर झपाट्याने मोठी होणारी नुसती सावली दाखवली, तर ती मागे उडाली. सावली आकुंचन पावताना दाखवली, तेव्हा तसं काही झालं नाही.

‘डंकर्क’च्या संगीतात हान्स झिमर यांनी या गणिताचाच एक विलक्षण वापर केला आहे. त्याला शेपर्ड स्वर म्हणतात. रॉजर शेपर्ड यांनी तो १९६४ मध्ये मांडला. एकाच वेळी एकेका सप्तकाच्या अंतराने अनेक स्वर वाजतात आणि सगळे वर चढतात. सर्वांत वरचा हळूहळू विरून जातो, तळाशी नवा हळूच सामील होतो. गिरमिट फिरताना त्याचे आटे सतत वर सरकताना दिसतात आणि गिरमिट असतं तिथेच असतं, तसं हे. कान सांगत राहतो, चढतंय, अजून चढतंय, आणि शिखर कधीच येत नाही. त्यामुळे सुटकेचा निःश्वास टाकायला जागाच उरत नाही. कथेत क्षणभर उसंत असली तरी अंगात नसते.

यात छातीचीही वेगळी नोंद घ्यायला हवी. अगदी खालचे स्वर आपण कानांनी कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकतो. १९७६ सालचा ‘मिडवे’ हा युद्धपट असे खालचे स्वर घुमवणाऱ्या सेन्सराउंड या पद्धतीने दाखवला गेला, तेव्हा चित्रपटगृहांत त्यासाठी वेगळे अजस्र स्पीकर बसवावे लागले होते.

मराठीत ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे कवीकल्पनेपेक्षा बरंच जास्त आहे. लक्ष एकवटतं तेव्हा हृदयाची गती वाढत नाही, उलट काही क्षण मंदावते. त्याच वेळी तळहातांच्या घामग्रंथी कामाला लागतात. १९९९ मध्ये बायरन रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी तीच दृश्यं वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांवर दाखवून तळहाताच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. उत्तेजक दृश्यांना मोठ्या पडद्यावर मिळालेला प्रतिसाद जास्त होता. गोष्ट तीच, माणसं तशीच, फक्त पडदा मोठा.

मग एवढा थरार असूनही लोक पळत का नाहीत? ल्युमिएर बंधूंची आगगाडी पडद्यावर आली तेव्हा प्रेक्षक घाबरून पळाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. चित्रपटाच्या इतिहासकारांना तसा भक्कम समकालीन पुरावा सापडलेला नाही. मला यात नवल वाटत नाही. दचकणं मेंदूच्या खोडातून होतं, पळणं मात्र परिस्थिती पाहून होतं. खुर्ची, अंधार, शेजारचा माणूस, आपण स्वतः विकत घेतलेलं तिकीट, हे सगळं मेंदूचा वरचा भाग विसरलेला नसतो. अंग उसळतं आणि तो त्याला धरून ठेवतो.

पण ही ऊर्जा जाते कुठे? याचं उत्तर जर्मनीतल्या माइन्झ शहरात, माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या मंडळींनी चक्क हवेतून काढलं. जोनाथन विल्यम्स यांच्या गटाने २०१३-१४ च्या हिवाळ्यात तिथल्या चित्रपटगृहाच्या हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला उपकरण लावलं. १६ चित्रपट, १०८ खेळ, सुमारे ९,५०० प्रेक्षक. दर अर्ध्या मिनिटाला हवेतल्या शंभरेक संयुगांची मोजणी. थरारक प्रसंगी दोन गोष्टी ठळकपणे वर जात होत्या, कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन. आयसोप्रीन शरीरात तयार होऊन स्नायूंमध्ये साठतो, आणि स्नायू ताणले की रक्तावाटे श्वासात येतो. म्हणजे पडद्यावर जीव मुठीत धरायची वेळ येते तेव्हा शेकडो माणसं खुर्च्यांत आवळून बसतात, श्वास जलद होतो, आणि त्याची खूण छतापाशी नळीत उमटते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर, त्याच दृश्याला आलेख पुन्हा तसाच उंचावे. अंधारात बसलेल्या एवढ्या अनोळखी माणसांचा मिळून एक श्वास असतो, हे असं आकड्यांत दिसलं की मला फार भरून येतं.

मेंदूंच्या बाबतीतही असंच आहे. उरी हॅसन यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हिचकॉक यांचा टीव्हीसाठीचा एक भाग पाहताना प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचा सुमारे ६५ टक्के भाग एकसारखा चालत होता. एका बागेत नुसता कॅमेरा लावून घेतलेल्या चित्रणाला हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत होतं. नुसतं समोर काहीतरी हलून भागत नाही. कुणीतरी आपल्याला हाताला धरून न्यावं लागतं.

इथेच मला वाटतं पडद्याच्या आकाराची हद्द संपते. १९१६ साली ब्रिटनमध्ये ‘द बॅटल ऑफ द सॉम’ प्रदर्शित झाला. मूक, कृष्णधवल, आजच्या मानाने लहानसा पडदा. आवाज नाही, छातीत धडधड उठवणारे स्पीकर नाहीत. पहिल्या सहा आठवड्यांतच सुमारे २ कोटी तिकिटं विकली गेली. पहिल्या महायुद्धातली, फ्रान्समधली सॉमची लढाई १ जुलैला सुरू झाली होती, त्या एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मारले गेले होते, आणि चित्रपट आला तेव्हा लढाई अजून चालूच होती. खंदकातून वर चढताना सैनिक कोसळतो, या दृश्याची सर्वाधिक चर्चा झाली. ते दृश्य नंतर आघाडीपासून दूर मुद्दाम घडवून घेतलेलं होतं. पण पाहणाऱ्यांपैकी कित्येकांचा मुलगा, भाऊ, नवरा त्याच वेळी तशाच खंदकात होता. दृष्टिक्षेत्राचे अंश मोजायची तिथे गरजच पडली नाही.

आणि ज्यांनी युद्ध स्वतः पाहिलंय त्यांचं काय? १९९८ मध्ये ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ आला, तेव्हा अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने अस्वस्थ झालेल्या जुन्या सैनिकांसाठी खास मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली होती. त्यातल्या समुद्रकिनाऱ्याच्या लढाईत कॅमेऱ्याचं शटर नेहमीपेक्षा अर्धं, कधी पावच उघडं ठेवलं होतं. त्यामुळे उडालेल्या वाळूचा कण न् कण तुटक, धारदार दिसतो. आपल्याला ती कलाकुसर वाटते. पण ज्याच्या आठवणीत तो किनारा आहे, त्याच्यासाठी हिशेब वेगळा असतो. हे कधी घडलं, कुठे घडलं, ही चिठ्ठी आठवणीला जोडायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. तीव्र आघाताच्या वेळी ती चिठ्ठी नीट चिकटत नाही. मग तसाच आवाज आला की आठवण ‘तेव्हाची’ म्हणून येत नाही, ‘आत्ताची’ म्हणून येते. इतरांना धरून ठेवणारी ती खुर्ची त्या माणसापुरती नाहीशी होते.

अशा कुणाला सोबत नेणार असाल, तर आधी विचारा आणि नकार आला तर आग्रह करू नका. जायचंच ठरलं तर मोठा आवाज कुठे येणार आहे ते सांगून ठेवा. खुर्ची मागच्या रांगेत, कडेची घ्या. त्याच २२ मीटरच्या पडद्यापासून ३० मीटरवर बसलं की तो ७२ ऐवजी ४० अंशच व्यापतो, चित्राची चौकट पुन्हा दिसू लागते, आणि दाराखालची उजेडाची फट नजरेच्या टप्प्यात राहते.