लॉक केलेला पासवर्ड आणि बंद केलेलं अकाउंट

माणूस नोकरी सोडून गेला की ‘त्याचं लिनक्स सर्व्हरवरचं अकाउंट लॉक करा’ असा निरोप येतो. कुणीतरी ‘यूजरमॉड --लॉक अमोल’ ही कमांड मारतं, तिकीट बंद करतं, आणि अमोल घरून आपल्या एसएसएच कीने (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्लीच्या फाइलने) निवांत लॉगिन करत राहतो. हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो.

पासवर्ड लॉक बहुतेकांना माहीत असतो. /एटसी/शॅडो फाइलमध्ये त्या यूजरच्या ओळीत हॅशच्या (पासवर्डच्या सांकेतिक रूपाच्या) आधी एक उद्गारचिन्ह बसतं, मग कुठलाच पासवर्ड जुळत नाही. अनलॉक केलं की चिन्ह निघतं, जुना पासवर्ड पुन्हा चालू. संपलं.

गोची पुढे आहे. लॉगिनच्या वेळी पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) दोन वेगळ्या गोष्टी तपासतं: तू खरंच अमोल आहेस का, आणि अमोलला आज आत सोडायचं का. लॉकचा संबंध फक्त पहिलीशी, त्यातही फक्त पासवर्डच्या वाटेशी. की घेऊन आलेल्याची ओळख एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्रॅम) स्वतःच पटवून घेतो, शॅडोतल्या हॅशकडे बघायची वेळच येत नाही. मात्र दुसरी तपासणी कीवाल्यालाही चुकत नाही, आणि तिथे बघितली जाते त्याच ओळीतल्या आठव्या रकान्यातली अकाउंटची मुदत. तेव्हा अकाउंट खरंच बंद करायचं तर:

यूजरमॉड --लॉक --एक्स्पायरडेट 1 अमोल

हा 1 म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेला दिवस. ‘चेज -एल अमोल’ मारून बघा, अकाउंटची मुदत 2 जानेवारी 1970 ला संपलेली दिसेल. 0 टाकू नका. त्याचा अर्थ काही ठिकाणी ‘मुदतच नाही’ असाही लावला जातो.

आणि कृपा करून ‘पासडब्ल्यूडी --स्टेटस’चा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडू नका. त्यात दिसणारा एल (लॉक्ड) हा पासवर्डबद्दल असतो. त्याच्या चालणाऱ्या कींची ऑथराइज्ड कीज फाइल जागच्या जागी असली तरी तो एलच दाखवणार. हे सगळं मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) स्वच्छ लिहिलेलं आहे, पण मॅन पेज वाचतो कोण!

‘आमच्याकडे तर लॉकने की पण बंद होते’ म्हणणारेही भेटतात. खोटं बोलत नाहीत ते. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये यूजपॅम (पॅम वापरायचं की नाही ते ठरवणारी सेटिंग) बंद असेल तर तो उद्गारचिन्ह स्वतः बघतो आणि दारातूनच परत पाठवतो. डेबियन, उबुंटू, रेड हॅटवर मात्र यूजपॅम चालूच येतं.

‘पासडब्ल्यूडी --एक्स्पायर’ हे तिसरंच प्रकरण. त्याने पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावलं जातं. गेलेल्या माणसाला नवा पासवर्ड ठेवायचं आमंत्रण कशाला? शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) बदलून नोलॉगिन, म्हणजे लगेच बाहेर काढणारा, करणं चांगलं, पण त्यावर विसंबू नका. शेल न मागता नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमार्गे दुसरीकडे जोडणी) केलं तर ते तसंच चालतं.

मुदत संपवण्याआधी अमोलचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) एकदा बघा. नुसत्या लॉकने क्रॉनची कामं थांबत नाहीत. मुदत संपली की पॅमवर चालणाऱ्या क्रॉनमध्ये थांबतात. रात्रीचा बॅकअप त्याच्याच नावावर चालत असेल तर सकाळी बोंब होईल. उलट, आधीपासून उघडी असलेली सेशन यातल्या कशानेच तुटत नाहीत. त्यासाठी ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर अमोल’ वेगळं मारावं लागतं.

यूजरडेल (अकाउंट पुसून टाकणं) मी लगेच करत नाही. होम फोल्डरच्या बाहेर पडलेल्या त्याच्या फाइली नुसत्या यूआयडीच्या (यूजरच्या क्रमांकाच्या) आकड्यावर उरतात, आणि तोच आकडा उद्या नव्या यूजरला मिळाला तर त्या फाइली आपोआप त्याच्या होतात. आधी ‘फाइंड’ने त्या यूआयडीच्या फाइली शोधा, कुणाच्या तरी नावावर करा, मग खुशाल उडवा.