गुण कोणाच्या खिशातून येतात?

जानेवारी 1987 मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, स्त्री खेळाडूंच्या रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात, सरसकट 100 गुणांची भर घातली. फक्त एकीला वगळलं. हंगेरीची सुसान पोल्गार तेव्हा स्त्रियांच्या यादीत अव्वल होती आणि तिला एकही गुण मिळाला नाही. नवी यादी लागली, तेव्हा सोव्हिएत जॉर्जियाची जगज्जेती माया चिबुर्दानिझे तिच्या वर होती.

फिडेचं म्हणणं असं होतं: बाकीच्या स्त्रिया बहुतेक आपापसातच खेळतात, त्यामुळे त्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशी जुळत नाहीत, खाली राहतात. पोल्गार पुरुषांशी खेळते, म्हणून तिचा आकडा खरा. उपाय उघडउघड अन्यायाचा होता. जी बिनधास्त खुल्या स्पर्धांत उतरली, तिलाच त्याची शिक्षा झाली. पण ज्या अडचणीवर हा उपाय काढला, ती अडचण खरी होती. रेटिंगची पद्धत आखणाऱ्या प्रत्येकाला ती आजही छळते.

आज जगभर चालणारी पद्धत आर्पाद एलो यांची. हंगेरीत जन्मलेले एलो अमेरिकेत मिलवॉकी इथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. अमेरिकेच्या संघटनेने त्यांची पद्धत 1960 मध्ये स्वीकारली, फिडेने 1970 मध्ये. कल्पना साधी आहे. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून डावाचा अंदाज बांधायचा. डाव जिंकला की एक गुण, बरोबरीला अर्धा, हरला की शून्य. रेटिंगमधला फरक शून्य असेल तर प्रत्येकाकडून अर्ध्या गुणाची अपेक्षा. 200 चा फरक असेल तर वरच्याकडून सुमारे 0.76 ची, 400 चा असेल तर 0.92 ची. प्रत्यक्षात जे घडलं त्यातून हा अंदाज वजा करायचा आणि उरलेल्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचं. या गुणकाला खेळाडू ‘के’ म्हणतात. फिडेत नवख्यांसाठी आणि 2300 च्या खालच्या अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी के 40, साधारण खेळाडूंसाठी 20, आणि एकदा 2400 गाठलं की 10.

म्हणजे रेटिंग हे बक्षीस नव्हे, तो अंदाज आहे. आणि तो फक्त ज्यांच्याशी आपण खेळतो त्यांच्या तुलनेतला आहे. 1500 या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही.

आता एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. वीस मुलं, सगळ्यांचं रेटिंग 1200 च्या आसपास, सगळी आपापसातच खेळतात. शिक्षक उत्तम, मुलं मेहनती, वर्षभरात सगळ्यांचा खेळ कितीतरी सुधारतो. वर्गाची सरासरी किती होईल? 1200 च. दोघांचा के सारखाच असल्यामुळे एकाने कमावलेले गुण दुसऱ्याने गमावलेले असतात. वीसही मुलं पुढे गेली आणि आकडा जागचा हलला नाही. 1987 मधल्या स्त्रियांच्या रेटिंगबद्दल फिडेला शंका होती ती हीच.

मग त्यातला एखादा मुलगा खुल्या स्पर्धेत उतरतो. कागदावर 1300, खेळ मात्र 1650 चा. समोर नोकरी सांभाळून खेळणारे 1700 चे काका. पद्धत काकांकडून 0.92 ची अपेक्षा ठेवते, खरी शक्यता 0.57 च्या जवळपास असते. काका नेहमीइतकंच चांगलं खेळले तरी अशा प्रत्येक डावामागे त्यांचे सरासरी 7 गुण जातात. डाव हरले तर 18.4 गेले. मुलाला 36.8 मिळाले, कारण त्याचा के दुप्पट. हा दुप्पट के मुद्दाम ठेवलेला आहे. वाढत्या खेळाचे सगळे गुण मोठ्यांच्या खिशातून जाऊ नयेत, बाहेरूनही थोडे गुण यावेत, हा त्यामागचा विचार. पण मुलं झपाट्याने सुधारत असतील तर तो पुरत नाही. भारतात खेळून रेटिंग घटतं अशी परदेशी खेळाडूंची तक्रार असते, तिचं मूळ इथे आहे.

अखेर मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली: 2000 ला जितके गुण कमी, त्याच्या 40 टक्के. 1000 वाला 1400 वर गेला, 1500 वाला 1700 वर, 1900 वाल्याला 40 गुण मिळाले. यादीची तळरेषाही 1000 वरून 1400 वर आली. 1987 पेक्षा हा उपाय कितीतरी न्याय्य वाटतो, कारण माणूस बघून काही दिलं नाही. तरी ती डागडुजीच. मुलं वाढतच राहणार.

मुळाशी जाणारा विचार मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात मांडला. त्याच्या ग्लिको पद्धतीत प्रत्येक रेटिंगसोबत दुसरा आकडा असतो: या रेटिंगची खात्री किती. नवा खेळाडू 1500 वर येतो, पण त्याची अनिश्चितता 350 ची असते. तो खेळत जातो तशी ती घटते, महिनोन्‌महिने खेळला नाही तर पुन्हा वाढते. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नव्या खेळाडूच्या रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं ते यामुळेच. आपल्या काकांना याचा थेट फायदा आहे: प्रतिस्पर्ध्याचा आकडाच बेभरवशाचा असेल तर त्याच्याशी हरल्यावर कमी गुण जातात. फिडेने ही पद्धत घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. अडचण एवढीच की एलोचा हिशोब खेळाडू फेरी संपल्यावर वहीच्या कोपऱ्यात करू शकतो, ग्लिकोचा नाही. आपले गुण का गेले हे ज्याचं त्याला कळणं, हाही न्यायाचाच भाग आहे.

खेळाडू आकड्यासाठी खेळू लागले की आणखी वाटा फुटतात. 1600 च्या खालच्यांसाठी रोख बक्षिसांची स्पर्धा ठेवली की कुणीतरी मुद्दाम हरून 1590 वर येऊन बसतोच. अमेरिकेच्या संघटनेने यावर तळाची मर्यादा घातली आहे: 1941 पर्यंत चढलेला खेळाडू पुढे कितीही हरला तरी 1700 च्या खाली जात नाही.

वरच्या टोकाची पळवाट वेगळी होती. फिडेच्या नियमात 400 पेक्षा मोठा फरक 400 च धरला जाई. त्यामुळे 2800 चा खेळाडू कितीही कच्च्या प्रतिस्पर्ध्याशी जिंकला तरी त्याला 0.8 गुण मिळत. 2025 मध्ये कँडिडेट्स या, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या पात्रतेसाठी ठरावीक डाव पुरे करायचे म्हणून अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा तिथल्याच लुइझियाना, आयोवा अशा राज्यांतल्या छोट्या स्पर्धांत उतरला आणि दर विजयाला हे गुण जमा होत गेले. नियमाबाहेरचं त्याने काहीच केलं नाही. ऑक्टोबर 2025 पासून 2650 च्या वरच्यांसाठी फिडेने ही मर्यादा काढून टाकली. आता 2800 वाल्याने 2000 वाल्याला हरवलं तर त्याला शून्य गुण मिळतात. बरोबरी झाली तर पाच जातात.