पासवर्ड ॲपबाहेर कसा गेला

इंदूरमधल्या आमच्या मराठी ग्रंथालयाच्या ॲपमध्ये आता गूगल खात्यावरून लॉगिन करता येईल. 'आमचा पासवर्ड ग्रंथालयाला कळणार का?' असं काही ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. नाही कळणार, आणि हे साधायला संगणकशास्त्राला पन्नास वर्षं लागली.

१९६१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सीटीएसएस ही प्रणाली आली. एकच संगणक अनेकांनी वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून, पासवर्डची सगळी फाइल छापून घेतली. सगळे पासवर्ड एका जागी, जसेच्या तसे ठेवलेले होते. १९७९मध्ये मॉरिस आणि थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी सॉल्ट (काही यादृच्छिक अक्षरं) घालून पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलगडत नाही असं रूप, साठवण्याची रीत मांडली. तरी प्रत्येक सॉफ्टवेअरची पासवर्डची कोठी वेगळीच राहिली.

१९८०च्या दशकात, पुन्हा एमआयटीतच, कर्बेरॉस या प्रणालीने तिकिटाची पद्धत आणली: ओळख एका ठिकाणी पटवायची, बाकी सगळीकडे तिकीट दाखवायचं. १९९३च्या एलडॅप या पद्धतीने वापरकर्त्यांची यादी एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवली, सगळी ॲप्स तिथेच विचारणार. मला मात्र ती अर्धीच वाट वाटते, कारण तिथे बहुधा ॲपच पासवर्ड विचारून घेतं आणि पुढे पाठवतं.

खरं वळण ब्राउझरमुळे आलं. २००२च्या सॅम्ल या पद्धतीत वापरकर्ता ओळख देणाऱ्या संस्थेच्या पानावर ओळख पटवतो आणि ॲप तिच्याकडून सही केलेला निरोप घेतं. २००७चं ओऑथ परवानगीसाठी होतं, म्हणजे पासवर्ड न देता एका ॲपला दुसरीकडची आपली माहिती वापरू देण्यासाठी; त्याआधी काही संकेतस्थळं ओळखीच्यांचे ईमेल पत्ते उचलायला सरळ ईमेलचा पासवर्ड मागत. लोक ओऑथच लॉगिनला वापरू लागले. परवानगी म्हणजे ओळख नव्हे, म्हणून २०१४मध्ये ओपनआयडी कनेक्टने त्यावर ओळखपत्राचा थर चढवला.

आपण तोच वापरतो. सभासद गूगलच्या पानावर पासवर्ड टाकतो. आपल्या सर्व्हरला एक अल्पायुषी कोड मिळतो आणि त्या बदल्यात टोकन, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला. ते कुणी दिलं, आपल्याच ॲपसाठी आहे का, सही आणि मुदत ठीक आहे का, हे तपासल्याशिवाय आत प्रवेश नाही. गूगल सभासदाला ज्या वेबपत्त्यावर परत पाठवतं, तो आधी नोंदवलेल्याशी अक्षरशः जुळावा लागतो, शेवटची तिरकी रेघ (/) राहिली तरी गूगल नकार देतं.

वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव आपल्याच नोंदीत राहील. ती ईमेलशी जोडलेली नाही, कारण ईमेल बदलू शकतो. गूगल प्रत्येक खात्याला न बदलणारा क्रमांक देतं, त्याच्याशी जोडली आहे.