कुत्रा शिकायला ठेवलाय? मग घरात कुणी ‘छू’ म्हणू नका

आमच्या श्वान प्रशिक्षण केंद्राचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोन आला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच असतो, ‘पोलिसांच्या कुत्र्यासारखा करून द्याल का?’ आम्ही विचारतो, पोलिसांच्या कुठल्या कुत्र्यासारखा? समोरचा गोंधळतो. पोलिसांचा कुत्रा म्हणजे माग काढणारा, बॉम्ब शोधणारा, चोराला धरणारा आणि साहेबांच्या शेजारी ऐटीत बसणारा एकच कुत्रा, अशी समजूत असते. प्रत्यक्षात ते वेगवेगळे कुत्रे असतात. एकाचं काम दुसऱ्याला दिलं तर दोन्ही कामं बिघडतात. हे फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढलं. कुत्रा आणण्याआधी वाचा, आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

मुंबई पोलिसांचं श्वानपथक 1959 मध्ये तीन डोबरमनवर सुरू झालं. त्यांचं काम माग काढण्याचं. गुन्ह्याच्या जागी राहिलेल्या चपलेचा, रुमालाचा वास द्यायचा आणि जमिनीला नाक लावून कुत्र्यानं चालत सुटायचं. ‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’ ही ओळ तुम्ही पेपरात शेकडो वेळा वाचली असेल. त्याला पुष्कळजण अपयश समजतात. पण चोर तिथून गाडीत बसून गेला असेल, तर पायाचा माग तिथंच संपणार. कुत्र्यानं तेवढं बरोबर सांगितलेलं असतं.

बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याचं काम अगदीच निराळं. 1993 च्या मुंबई स्फोटांनंतर झंजीर या लॅब्राडॉरनं 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं, शिवाय शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब. असा कुत्रा स्फोटकाचा वास लागला की गुपचूप खाली बसतो. भुंकायचं नाही, पंजानं उकरायचं नाही, तोंड लावायचं नाही. का, ते सांगायला नको. स्टेशनात हजार माणसांच्या गर्दीतून जाताना कुणाचा पाय शेपटीवर पडला तरी त्यानं वळून बघता कामा नये. त्यामुळे या कामात चावऱ्या कुत्र्याला जागाच नाही. लॅब (म्हणजे लॅब्राडॉर) निवडतात तो त्याला खाण्याची आणि चेंडूची प्रचंड हाव असते म्हणून, आणि माणसांचा राग नसतो म्हणून. त्याच्या लेखी तो बॉम्ब शोधत नसतो, चेंडू मिळवत असतो.

ढिगाऱ्याखालची माणसं शोधणारा कुत्रा याच्या उलटा. त्यानं जिवंत माणसाचा वास लागताच भुंकायचं असतं, कारण तो दगडमातीत शिरलेला असतो आणि हँडलरला, म्हणजे त्याला कामाला लावणाऱ्या माणसाला, दिसतही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कीच्या भूकंपात आपल्या एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) रोमिओ आणि ज्युली हे लॅब गेले होते. ढिगाऱ्याखाली अडकलेली सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्यामुळे सापडली. बघा, बॉम्ब शोधणारा आणि माणसं शोधणारा, दोघंही लॅब, दोघंही नाकावर काम करणारे, पण एकानं गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं भुंकायचं. एकाच कुत्र्याला दोन्ही शिकवलं तर नेमक्या वेळी तो काय करील, याची खात्री कोण देणार?

धरणारा, म्हणजे चावा घेणारा कुत्रा आणखी वेगळा. त्यासाठी जर्मन शेफर्ड आणि आता बेल्जियन मॅलिनॉइस वापरतात. सैन्याचे कुत्रे मेरठला तयार होतात, सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला. तिथं कुत्र्याबरोबर त्याचा हँडलरही महिनोन्‌महिने शिकतो आणि पुढं ती जोडी सहसा मोडत नाहीत. आम्ही खासगी ग्राहकांसाठी चावणारा कुत्रा तयार करत नाही. यावरून काही ग्राहक नाराज होऊन गेले आहेत. पण घरात लहान मुलं, दूधवाला, पाहुणेरावळे, आणि रोज आठ तास कुत्र्याबरोबर राहणारा शिकलेला माणूस नाही, अशा ठिकाणी तो कुत्रा देणं आमच्या मनाला पटत नाही. पुढंही देणार नाही.

आता आपल्याकडच्या कामांकडे येऊ.

कारवान किंवा मुधोळ जातीच्या पिल्लाला मागणी फार आहे. जात उत्तमच. मुधोळ संस्थानच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी ती जोपासली, 2005 मध्ये पोस्टानं तिचं तिकीट काढलं, आणि आता सैन्यानं आणि सुरक्षा दलांनीही तिला शिकवायला घेतलं आहे. पण हा नजरेवर धावणारा कुत्रा आहे. लांबवर काही हललं की हा सुटला. मळ्याच्या राखणीला ठेवलात तर सशामागं तीन शेतं ओलांडून जाईल आणि इकडं पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला जाईल. त्याला मोकळं रान आणि रोजची धाव लागते. आणि त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे तब्येतीचं लक्षण आहे. ‘उपाशी दिसतो’ म्हणून भाकरी-दुधावर फुगवलेले कारवान आमच्याकडे येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. शिकारीसाठी मात्र कुणी विचारू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

धनगरांचा कुत्रा मात्र राखणीसाठीच घडलेला असतो. रात्री मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली की हे कुत्रे बाहेर कडेकडेनं पडून राहतात. ते मेंढरं हाकत नाहीत, हाकण्याचं काम माणसं करतात. कुत्र्यांनी लांडग्याची चाहूल लागताच ओरडायचं आणि मध्ये उभं राहायचं. पिल्लू कोकरांतच वाढतं, त्यामुळं कळप हेच त्याचं घर होतं. त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं, तरी राखणीचा असा पक्का कुत्रा मी दुसरा पाहिला नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना हेच काम हवं असतं: वस्तीवर, पोल्ट्रीवर, द्राक्षबागेत अंधार पडल्यावर परकं माणूस आलं की खबर देणं. त्यासाठी कुत्र्याला तीनच गोष्टी पक्क्या याव्या लागतात. परक्याला भुंकणं, परक्यानं टाकलेला तुकडा न खाणं, आणि मालकानं हाक मारताच भुंकणं थांबवून परत येणं. धडधाकट गावठी कुत्रा हे तिन्ही झकास शिकतो, आपल्या उन्हात टिकतो आणि दवाखान्याचा खर्चही कमी. गावठी असला तरी आम्ही त्याला तितक्याच मेहनतीनं शिकवतो. महागडं पिल्लू घ्यायच्या विचारात असाल तर आधी आम्हाला एक फोन करा. त्या सल्ल्याचे पैसे नाहीत.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या ऊसपट्ट्यातल्या ग्राहकांसाठी एक वेगळी सूचना. रात्री कुत्रा बाहेर साखळीला बांधू नका. बिबट्यासाठी ते आयतं जेवण आहे, कुत्र्याला ना पळता येतं ना लपता. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. वरूनही जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा. ‘आत ठेवल्यावर राखण कशी करणार?’ असं विचारतात. राखण भुंकण्यानं होते, आणि भुंकणं जाळीतून बाहेर जातं. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणं हाही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणं गुन्हा आहे. साखळीनं कुत्रा तिखट होतो हा समज चुकीचा आहे. तो घाबरट होतो, आणि घाबरलेला कुत्रा घरच्याच पोराला चावतो.

आता ‘छू’विषयी

आमचा सगळ्यांत जास्त वेळ ज्यात वाया जातो, ते हे. कुत्रा दीड महिना आमच्याकडे शिकतो. घरचे रविवारी भेटायला येतात. ‘बघू तरी काय शिकलाय’ म्हणून कुणीतरी मांजराकडं, नाहीतर रस्त्यानं जाणाऱ्याकडं हात करतं आणि म्हणतं, ‘छू!’

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बागाईतदाराचा शेफर्ड आमच्याकडे होता, हुशार आणि शांत. चौथ्या रविवारी त्यांचा कॉलेजातला मुलगा मित्रांना घेऊन आला. मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर बांधावरून एका मजुराचा सात-आठ वर्षांचा पोरगा चालला होता. मुलानं पट्टा सोडला आणि ‘छू’ केलं. मी बाहेर आले तेव्हा पोरगा पालथा पडलेला, दोन्ही गुडघे फुटलेले, आणि कुत्रा त्याच्या डोक्याशी उभा राहून भुंकत होता. चावला नव्हता. पण त्या दिवसापासून कुणीही झटकन हात वर केला की तो झेप घ्यायला बघे. हात वर करून हाक मारायची आमची खूणच निकामी झाली. ते पुसायला पाच आठवडे गेले. पोराच्या आईला मी आजही बांधावर भेटते, आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं.

‘छू’ एवढं का बिघडवतं? कुत्र्याला धावून जाणं हेच बक्षीस वाटतं. बिस्किट, चेंडू, शाबासकी, काहीच त्याच्यापुढं टिकत नाही. शिवाय तो आवाज तुमच्या तोंडून, तुमच्या उत्साहात येतो, त्यामुळं घरच्या धन्याचीच परवानगी मिळाल्यासारखं होतं. आणि ‘छू’ला परतीचा शब्द नाही. पोलिसांच्या धरणाऱ्या कुत्र्याला चाव्याबरोबर ‘सोड’ही शिकवतात. सोडण्याचा शब्द पक्का झाल्याशिवाय त्याला कामावर नेत नाहीत. तुमच्या ‘छू’ला पुढं काहीच नाही. कुणावर, कुठवर, कधी थांबायचं, हे कुत्र्यानं स्वतःच ठरवायचं.

म्हणून आमचे काही नियम कडक वाटतील, पण ते आम्ही सोडणार नाही. पहिले पंधरा दिवस भेट नाही. नंतरच्या भेटीत आमचा माणूस शेजारी असणार आणि पट्टा त्याच्याच हातात राहणार. शेवटचे आठ दिवस घरातल्या एका मोठ्या माणसानं रोज तासभर यायचं. कुत्रा आम्ही शिकवतो, पण हुकूम तुम्हाला द्यायचे आहेत, आणि ‘बस’ हा शब्द कुणी प्रेमानं, कुणी ओरडून, कुणी पाच वेळा म्हटला तर कुत्र्याला ते पाच वेगवेगळे शब्द वाटतात. ‘आम्हाला वेळ नाही, तुम्हीच पक्का करून द्या’ म्हणणाऱ्यांचे कुत्रे महिन्याभरात परत येतात आणि फी दुसऱ्यांदा भरावी लागते. आम्हाला ती नको आहे.

पिल्लू घेताना ते आठ आठवड्यांचं झालंय का ते बघा. त्याहून लहान विकायला कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे. तीन-चार महिन्यांचं झालं की बसणं, थांबणं, हाकेला येणं यासाठी आणा. राखणीचं शिक्षण वर्षाच्या आसपास. मध्येच ‘आता माग काढायलाही शिकवा’ असं सांगू नका. खरंच तेच हवं असेल तर पहिल्या दिवशी सांगा, आम्ही कुत्रा पाहून जमेल की नाही ते स्पष्ट सांगू.

येताना लसीकरणाचं कार्ड आणा, रेबीजची लस झालेली हवी. गोचीड असतील तर आधी डॉक्टरांकडून उपचार करून घ्या, नाहीतर इतर कुत्र्यांना त्रास होतो. त्याचं घरचं पांघरूण किंवा पोतं आणा, वासानं त्याला पहिल्या रात्री झोप लागते. घरात त्याच्याशी कोणकोणते शब्द वापरता ते एका कागदावर लिहून आणा, ‘छू’ म्हणत असाल तर तेही. लपवू नका, आम्ही रागवणार नाही, पण कळलं तर पहिल्या दिवसापासून त्यावर काम करता येतं. मे महिन्यात आणि दिवाळीत राहायला ठेवायची जागा लवकर भरते, तेव्हा महिनाभर आधी कळवा. सकाळी नऊपर्यंत पिंजरे धुणं आणि खाणं चालू असतं, त्यानंतर या.