व्हॅसोप्रेसिन आणि व्हॅसोटोसिन : काळविटाचं वेगळं, माळढोकाचं वेगळं

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की नान्नजचं माळढोक अभयारण्य येतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. या माळावर काळवीट कळपानं दिसतात. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग. दोघांनाही अंगातलं पाणी जपावं लागतं आणि त्यासाठी दोघांच्याही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या मागच्या भागातून एक हार्मोन रक्तात उतरतं. काळविटात ते व्हॅसोप्रेसिन असतं, माळढोकात व्हॅसोटोसिन. बीएस्सीच्या नोट्समध्ये मात्र दोन्हींपुढे ‘एडीएच’ (अँटिडाययुरेटिक हार्मोन, लघवी रोखणारं हार्मोन) असं लिहून विषय मिटवलेला असतो. पुढे नेट-सेटच्या तयारीला बसलं की गोंधळ सुरू होतो तो इथूनच.

रचना बघितली तर फरक नखाएवढा आहे. दोन्ही नऊ अमिनो आम्लांची : पहिल्या आणि सहाव्या सिस्टीनमध्ये गंधकाचा बंध, त्यामुळे सहा जणांचं कडं आणि तिघांची शेपटी. तिसऱ्या जागी व्हॅसोप्रेसिनमध्ये फेनिलअ‍ॅलानिन असतं, व्हॅसोटोसिनमध्ये आयसोल्युसिन. बस्स, एवढंच. आता यात ऑक्सिटोसिन आणून ठेवा. त्याचं कडं हुबेहूब व्हॅसोटोसिनचं. फक्त आठव्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन. म्हणजे व्हॅसोटोसिनला ऑक्सिटोसिनचं कडं आणि व्हॅसोप्रेसिनची शेपटी आहे. गंमत अशी की ते आधी प्रयोगशाळेत बनलं. ऑक्सिटोसिनच्या संश्लेषणासाठी 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या विन्सेंट द्यु व्हिन्यो यांच्या प्रयोगशाळेत 1958 मध्ये हा रेणू जोडला गेला, आणि प्राण्यांच्या पीयूषिकेत तो खरोखर असतो हे त्यानंतर कळलं.

वाटणी सोपी आहे. सस्तन प्राण्यांत व्हॅसोप्रेसिन. पक्षी, सरपटणारे, उभयचर आणि मासे यांच्यात व्हॅसोटोसिन. डुकरानं मात्र इथेही वेगळेपण जपलंय, त्याच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये आठव्या जागी लायसिन असतं. उत्क्रांतीत व्हॅसोटोसिन जुनं. जबडा नसलेल्या लँप्री या माशासारख्या प्राण्यामध्ये या घराण्यातलं तेवढं एकच हार्मोन सापडतं.

खरा फरक पडतो तो कामात, आणि तो त्या एका अमिनो आम्लामुळे पडतो असं समजू नका. हार्मोन ओळखणारे रिसेप्टर शरीरात कुठे बसलेत आणि तिथल्या अवयवाची घडण कशी आहे, यावर सगळं ठरतं.

आपलंच घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भर उन्हाळ्यात यंत्रमागावर दुपारपाळी करणाऱ्या माणसाची लघवी कमी आणि गडद पिवळी होते. घामानं रक्त किंचित दाट झालं, अगदी एक-दोन टक्क्यांनी, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला कळतं. मग व्हॅसोप्रेसिन किडनीतल्या संग्राहक नलिकांवरच्या व्ही-2 रिसेप्टरला चिकटतं, पेशीच्या आत साठवलेली अ‍ॅक्वापोरिन-2 ही प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यातून पाणी रक्तात परत जातं. आपली लघवी रक्तापेक्षा साधारण चौपट दाट होऊ शकते. पण हे श्रेय एकट्या हार्मोनचं नाही. हेन्लेच्या लांब वळशानं, म्हणजे किडनीतल्या नळीच्या वळणानं, किडनीच्या गाभ्यात क्षार साठवलेले असतात, म्हणून पाणी तिकडे ओढलं जातं.

पक्ष्याच्या किडनीत वळसा असलेले नेफ्रॉन (रक्त गाळून लघवी बनवणारी सूक्ष्म एककं) असतात आणि बिनवळशाचेही. व्हॅसोटोसिन पाणी शोषायला मदत करतंच, शिवाय बिनवळशाच्या नेफ्रॉनमधलं गाळणंच कमी करतं. तरी लघवी रक्ताच्या दोन-तीनपट दाट होते, त्यापुढे फारशी नाही. माळढोकाचं भागतं, कारण युरिक अ‍ॅसिड पांढऱ्या लगद्यासारखं टाकायला पाणी कमी लागतं, आणि किडनीतून आलेली लघवी आतड्याच्या शेवटच्या भागात मागे जाऊन तिथेही पाणी शोषलं जातं.

बेडकाची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. त्याला हेन्लेचा वळसाच नाही, त्यामुळे कितीही व्हॅसोटोसिन सुटलं तरी लघवी रक्तापेक्षा दाट होणार नाही. म्हणून तेच हार्मोन तीन ठिकाणी राबतं : किडनीत गाळणं कमी करतं, मूत्राशयात साठलेलं पातळ पाणी परत रक्तात खेचतं, आणि पोटाखालच्या कातडीतून बाहेरचं पाणी आत घेतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. ओल्या मातीवर बूड टेकवून बसला की झालं. पीयूषिकेचा अर्क टोचलेले बेडूक पाण्यात ठेवले तर त्यांचं वजन वाढतं, हे ब्रुन या संशोधकानं 1921 मध्येच दाखवलं होतं. कातडीतली युक्तीही अ‍ॅक्वापोरिनचीच. प्राणी बदलला, जागा बदलली, पेशीतली यंत्रणा तीच राहिली.

दुसरा मोठा फरक पिलांच्या बाबतीत. आपल्याकडे बाळंतपणाच्या कळा आणि पान्हा ही कामं ऑक्सिटोसिनकडे. कोंबडीत अंडं बाहेर ढकलण्याचं काम व्हॅसोटोसिन करतं. अंडं घालायच्या वेळी तिच्या रक्तात त्याचं प्रमाण एकदम चढतं आणि कवच बनवणारी पिशवी आकसते. पक्ष्यांत ऑक्सिटोसिनचा भाऊबंद मेसोटोसिन असतो, पण या कामात पुढारपण त्याचं नाही. म्हणून ‘पाणी राखणारं वेगळं, कळा आणणारं वेगळं’ ही सस्तन प्राण्यांची विभागणी पोल्ट्रीतल्या कोंबडीला लावली की उत्तर चुकलंच.

वागणुकीत मात्र दोघं बरेच जवळचे. व्हॅसोटोसिननं अनेक जातींच्या नर बेडकांचं ओरडणं वाढतं. प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्याच्या नरात जोडीदारीण धरून राहण्याशी व्हॅसोप्रेसिनचा संबंध आहे. याचा विस्तार वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एडीएच, म्हणजे लघवी रोखणारं हार्मोन, हे लेबल दोघांना सरसकट लावू नये याचं माझ्या मते सगळ्यात सज्जड कारण आफ्रिकेतला लंगफिश, म्हणजे फुप्फुसं असलेला मासा, आहे. त्याला व्हॅसोटोसिन टोचलं तर रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, किडनीत जास्त रक्त गाळलं जातं आणि लघवी चक्क वाढते.