कॉलेज चालू ठेवून इमारतीची दुरुस्ती : वर्कऑर्डर देण्याआधी वाचा

दुरुस्तीचं नाव काढलं की ट्रस्टींचा पहिला प्रश्न ठरलेला : वर्ग कुठे भरवायचे? ठाणे-नवी मुंबईत वर्षभरासाठी दुसरी इमारत मिळणं कठीण, त्यामुळे मुलं आत असतानाच काम करावं लागतं. जमतं ते, पण वेळापत्रक हातात घेऊन.

खाडीकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्लॅबमधली सळई लवकर गंजते. गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट पोपडा धरून सुटतं. पाहणीला आमचा मिस्त्री हातोडीने छत ठोकत फिरतो. खणखणीत वाजलं तर पुढे. भद्द वाजलं की खडूने गोल. या गोलांवरच अंदाजपत्रक बनतं, म्हणून तेव्हा तुमचा माणूस सोबत द्याच. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं. अहवाल असला तर आधी तो दाखवा.

खरा त्रास ब्रेकरचा, म्हणजे काँक्रीट फोडायच्या मशीनचा. हादरा खांबांतून, स्लॅबमधून वर चढतो; तळमजल्यावर फोडलं तरी तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना बोलणं थांबवावं लागतं. म्हणून फोडाफोड सुट्टीच्या दिवशी, नाहीतर शेवटचा तास सुटल्यावर, रात्री १० च्या आत. वर्ग भरलेले असताना सळईला गंजरोधक लावणं, मॉर्टर भरणं, पाणी मारणं अशी मुकी कामं. यात दिवस वाढतात, मजुरीही वाढते. रिकाम्या इमारतीच्याच भावात आणि मुदतीत करून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, फोडणार कधी?

खांबाला जॅकेटिंग, म्हणजे जुन्या खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण, असेल तर मात्र तडजोड नाही. टेकू लागेपर्यंत आणि नवं काँक्रीट ताकद धरेपर्यंत त्या खांबालगतच्या खोल्या, वरच्या मजल्यांवरच्यासुद्धा, रिकाम्याच हव्यात.

सामान हलवताना ग्रंथालयाची पुस्तकं शेजारच्या वर्गात छतापर्यंत रचू नका. वर्गाची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला ३०० किलो भार धरून डिझाइन करतात, पुस्तकांच्या रॅकच्या खोलीची ६०० किंवा त्याहून जास्त. शक्यतो तळमजलाच द्या.

एक चूक आमचीही सांगतो. वरच्या बाथरूमची लादी काढताना पाइपाच्या भोकातून धूळ खालच्या प्रयोगशाळेत उतरली. सकाळी तराजूंवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर. तराजू स्वखर्चाने दुरुस्त करून दिले. आता आधी खालचं छत प्लास्टिकने बंद, मग वर छिन्नी.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरची परांची पावसाआधी उरकायची. बारावीचं केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्च धरू नका. राडारोडा जिन्याने उतरणार नाही, आणि निदान एक जिना कायम मोकळा राहील. त्यावर सिमेंटची एक गोणी दिसली तरी आम्हाला फोन करा.

पाहणीच्या आधी वर्गांचं वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा आणि कुठली खोली कधी रिकामी असते त्याची यादी पाठवा. हाताने लिहिलेली चालेल.